भट्टीची बरणी

अण्णांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, फुटलेली कपबशी जुळवावी तसे जुळवून पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, हे आपोआप फुटालंय व्हय?"

"आपोआप काही फुटत नाही, अण्णा."

"मग कोन फोडालंय?"

त्यांनी प्रश्न अशा सुरात विचारला होता, की उत्तर त्यांच्या खिशात तयार आहे आणि मी ते ओळखते की नाही एवढंच पाहायचं आहे.

अण्णा म्हणजे जिनगोंडा मगदूम, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्याचे मालक. आजूबाजूच्या वर्कशॉपमधून गिअर, शाफ्ट असला पोलादी माल आमच्याकडे यायचा. तो आम्ही भट्टीत लाल होईपर्यंत तापवून तेलाच्या टाकीत बुडवायचो, म्हणजे तो कडक व्हायचा. कोपऱ्यातली ती एक भट्टी म्हणजे कारखाना; बाकी पत्रे, रॅक आणि अण्णांचं टेबल. मी धातुशास्त्र शिकून नुकतीच तिथे लागले होते आणि लागल्या लागल्या शहाणपणा करून बसले होते. टेबलावर पडलेलं ते फुटकं नोझल माझं शहाणपण होतं.

भट्टीच्या बाजूच्या भिंतीतून बर्नरची ज्वाला आत जायची ती या नोझलमधून. पूर्वी ते निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं असायचं. आग सोसायलाच बनवलेलं, पण रोजच्या तावात तेही मऊ पडायचं आणि आतल्या टोकाला खाली झुकायचं. अंगावर पापुद्रे सुटायचे. ज्वाला वाकडी लागायची आणि त्याच मालातला एक गिअर कडक, तर शेजारचा नरम निघायचा. मग गिऱ्हाईक टेम्पो भरून माल परत पाठवायचं आणि अण्णा दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

म्हणून मी सिरॅमिकचं नोझल आणवलं. ते कितीही तापलं तरी झुकत नाही, त्याला गंज नाही, पापुद्रे नाहीत. त्यावर कानस फिरवली तर कानसच गुळगुळीत होते. बसवल्यावर पहिला माल निघाला तो सगळा एकसारखा. अण्णांनी मला चक्क स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

भट्टी सांभाळणारे कृष्णातमामा मात्र तेव्हाच म्हणाले होते, "ही लोनच्याची बरनी हाय मॅडम. भट्टीत बरनी कोन ठिवतं?"

त्या दिवसापासून कारखान्यात सगळे तिला बरणीच म्हणायला लागले.

आता ही फुटलेली तिसरी बरणी होती.

"बगा," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "कृष्णातचा मेव्हणा काय करतो ठावं हाय न्हवं? उद्यमनगरात मिश्रधातूचंच ओतकाम करतो. आपली जुनी नोझलं त्याच्याकडनंच यायची. शटरची किल्ली कृष्णातकडं. सकाळी सगळ्यांच्या आदी यून भट्टी पेटवनार त्योच. मग आता तुमीच सांगा."

"पण अण्णा, मामा इतकी वर्षं..."

"वर्षं मोजून मानूस कळत न्हाई." ते थांबले. मग अगदी सहज, टेबलावरची धूळ झटकत म्हणाले, "त्या बरनीवाल्याकडनं तुमास्नी दिवाळीला काय मिठाईबिठाई येती का?"

अण्णांचा संशय कुणाला सोडून पुढे जात नसे. दारातल्या कुत्र्यानं भाकरी खाल्ली नाही तरी ते आधी शेजाऱ्याकडे बघायचे.

"येत नाही," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

"न्हाई, आपलं इचारलं."

मी तुकडे उचलून खिडकीपाशी नेले. तुटलेल्या कडा नीट पाहिल्या की तडा कुठून सुरू झाला ते कळतं. या तिन्ही नोझलांना तो एकाच ठिकाणाहून गेला होता. भट्टीच्या बाहेर राहणारी जी गोल कड असते, तिच्या वरच्या बाजूने. तिथून तो आत शिरला होता आणि भट्टी पुन्हा तापली की त्याच रेषेवर बरणी दुभंगली होती. म्हणजे जे काही झालं ते बाहेरून झालं होतं. माणसाच्या हाताला सहज पोचेल अशा जागी.

मी ते अण्णांना सांगितलं. सांगायला हवं होतंच. पण सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला आपण उगाच बोललो असं वाटलं.

"म्हंजे बाहीरनं कोनतरी ठोकलंय."

"ठोकलं असतं तर टवका उडाला असता. इथे टवका नाही."

"मग दुसरं कायतरी केलंय," अण्णा उठले. "कृष्णात! ए कृष्णात!"

कृष्णातमामा हात पुसत आले. पन्नाशीचे, काटक, भुवया आगीनं विरळ झालेले. टेबलावरचे तुकडे पाहून त्यांचा चेहरा पडला. तो वाईट वाटून पडला की पकडलं गेल्यामुळे पडला, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"किल्ली दे," अण्णा म्हणाले.

मामांनी का म्हणून विचारलं नाही. शर्ट वर करून त्यांनी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडवली. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. आम्ही दोघं नुसते बघत होतो. शेवटी दातांनी गाठ ओढून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्यापासनं शटर मी उघडनार. नवी बरनी बसवायची, आनि हिच्याबी वाटंला कोन गेलं, तर भट्टीचं काम दुसरा मानूस बगंल. समजलं?"

"समजलं, अण्णा."

"काय बोलायचं हाय?"

"काय न्हाई."

ते परत गेले. मला वाटलं, निरपराध माणूस असा गप्प राहतो का? तो चिडेल, आरडाओरडा करेल, देवाची शपथ घेईल. इतकी वर्षं कमरेला असलेली किल्ली कुणी अशी काढून देतं का? माझ्याही मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

नवी बरणी बसवली आणि अण्णांनी मला नजर ठेवायला सांगितलं. मी माझं टेबल अशा जागी सरकवून घेतलं, की बर्नरची बाजू समोर दिसावी. आकडे लिहिता लिहिता मान वर करायची आणि बघायचं, मामा काय करतायत.

मामा ठरल्यासारखं सगळं करत होते. बरणीची दोनच पथ्यं आहेत, असं मी बसवताना सगळ्यांना बजावलं होतं. एक, तिला टोला लागता कामा नये. मिश्रधातू मार खाऊन वाकतो, त्याला पोचा पडतो, पण एकसंध राहतो. सिरॅमिकला वाकणं माहीतच नाही. आणि दुसरं, तापलेली असताना एकदम गार लागता कामा नये. मामा सकाळी ज्वाला अगदी बारीक ठेवून भट्टी हळूहळू चढवत. फावडं, चिमटे, सगळं त्या बाजूनं हलवून पलीकडे नेऊन ठेवलं होतं. इतकी काळजी, की बघून माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. ज्या वस्तूला हा माणूस बरणी म्हणून हसला, तिची एवढी सरबराई कशाला?

एका दुपारी सगळे जेवायला बाहेर झाडाखाली बसले होते. मी पाणी घ्यायला आत आले तर मामा बर्नरपाशी एकटेच उभे. हातात हातोडी.

"काय करताय?" माझा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला.

ते दचकले. मग त्यांनी बाजूला होऊन दाखवलं. बर्नरसमोरच्या खिडकीवर त्यांनी गोणपाट लावलं होतं आणि चार कोपऱ्यांना खिळे ठोकले होते.

"वारं सरळ तिच्या अंगावर येतंय," ते म्हणाले. "तुमीच म्हनलासा न्हवं, गार सोसत न्हाई म्हनून."

"मग सगळ्यांसमोर का नाही ठोकलं?"

मामांनी हातोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळ्यांसमोर ठोकलं असतं, तर अण्णा म्हनलं असतं, दावायला करालाय."

हे खरंच होतं. अण्णा तसंच म्हणाले असते. तरी संध्याकाळी मी अण्णांना हातोडीचं सांगितलं. गोणपाटाचंही सांगितलं, पण त्यांनी हातोडीच ऐकली.

"बगा!" ते म्हणाले.

आणि अवस आली.

आमच्याकडे दर अवसेला संध्याकाळी भट्टीची पूजा असायची. कारखाना सुरू झाल्यापासूनचा रिवाज होता आणि नारळ फोडायचा मान अण्णांचा. भट्टी चालूच असायची. अग्नीची पूजा विझल्या भट्टीपुढे करतात का, असं अण्णांचं म्हणणं. माणसं हात धुऊन गोळा व्हायची, कुणीतरी घंटा वाजवायचं आणि सगळे डोळे मिटून हात जोडायचे. डोळे उघडले की खोबरं आणि साखर हातावर पडायची. मी तिथे लागल्यापासून एकही अवस चुकवली नव्हती, आणि दरवेळी भक्तिभावानं डोळे मिटले होते.

त्या अवसेला मी डोळे मिटले नाहीत.

देवाधर्माचं काही नव्हतं त्यात. माझं लक्ष मामांवर होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, घंटेचा आवाज, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. काही करायचंच असेल तर याहून चांगली वेळ कुठली? मी हात जोडले आणि पापण्यांच्या फटीतून मामांकडे पाहत राहिले.

मामा बर्नरपासून चांगले लांब, रॅकला टेकून उभे होते. डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ हलतायत. हात जोडलेले. ते जागचे हलले नाहीत.

हलले ते अण्णा.

त्यांनी लोखंडी ठोकळ्यावर नारळ फोडला. पाणी असलेली कवड डाव्या हातात धरली. उजव्या हातानं थोडं पाणी देवीच्या फोटोवर शिंपडलं. तेलाच्या टाकीकडे ते वळले नाहीत. तापल्या तेलात पाणी गेलं तर काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मग ते बर्नरपाशी गेले. नोझलच्या बाहेरच्या कडेवर, अग्नीच्या तोंडावर, त्यांनी उजव्या तळहातात मावेल तेवढं पाणी घेतलं आणि डोळे मिटून, मनोभावे टाकलं.

चर्र झालं. वाफ उठली. आणि त्या चर्रमध्ये, घंटेच्या आवाजाखाली, एक बारीक 'टच्च' ऐकू आलं. माहीत असलेल्यालाच ऐकू येईल असं.

कडेच्या वरच्या बाजूला. अगदी तिथेच.

घंटा थांबली. सगळ्यांनी डोळे उघडले. अण्णांनी प्रसन्न चेहऱ्यानं खोबरं वाटायला घेतलं. ही बरणी आठवड्याभरात फुटणार होती आणि ती फुटली की मामांचं भट्टीवरचं काम जाणार होतं. आणि कुणी फोडली हे त्या सबंध कारखान्यात एकट्या मला ठाऊक होतं.

माणसं पांगायला लागली. मी म्हणाले, "अण्णा, पाच मिनिटं थांबा. मामा, तुम्हीपण."

"काय झालं?" अण्णांच्या कपाळाला लगेच आठी. त्यांनी आधी मामांकडे पाहिलं.

मी रॅकखालून जुनं मिश्रधातूचं नोझल ओढून काढलं. वाकलेलं, पापुद्रे सुटलेलं. आधीच्या फुटक्या बरणीचा मोठा तुकडा टेबलावरून आणला. दोन्ही चिमट्यानं भट्टीच्या दारात, ज्वालेपासून दूर, हळूहळू तापवायला ठेवले.

"हे काय नाटक?"

"थांबा, अण्णा."

मामा माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, मी पुरावा उभा करतेय, आणि तो त्यांच्याविरुद्ध आहे. हातोडीचं मी सांगितलं हे त्यांना कळलं होतं.

दोन्ही पुरते तापल्यावर मी ते बाहेर काढून विटांवर शेजारी शेजारी ठेवले. लाल नव्हते, बाहेरची कड रोज जेवढी तापते तेवढेच. अण्णांच्या हातात अजून नारळाची कवड होती, तळाला थोडं पाणी.

"अण्णा, आता पूजेत शिंपडलंत तसंच यांच्यावर शिंपडा."

"मी?"

"तुम्हीच. तसंच."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यावरच काहीतरी उलटवायचा हिचा डाव आहे, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी बोटं बुडवली, हातावर पाणी घेतलं आणि जुन्या नोझलवर टाकलं. चर्र, वाफ, आणि काही नाही. डाग तेवढा पडला.

"आता बरणीवर."

त्यांनी टाकलं.

टच्च.

या वेळी घंटा नव्हती. आवाज पत्र्यापर्यंत गेला. तुकड्याच्या अंगावरून केसाएवढी काळी रेघ सरकत गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन भाग होऊन विटेवर अलग झाले.

अण्णांनी हातातली कवड खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं शिंपडतोय मी. कदी काय झालं न्हाई."

"इतकी वर्षं तिथे मिश्रधातू होता, अण्णा. वर गार झाला आणि आत तापलेला राहिला, तरी तो थोडा ताणून घेतो, सोसतो. सिरॅमिकला ताणणं जमत नाही. ज्या जागी गार लागतं तिथेच ते तडकतं. आज लागलेला तडा लगेच दिसत नाही. पुन्हा भट्टी चढली की उघडतो. कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं. म्हणून कुणाला अवसेशी संबंध लावता आला नाही."

"म्हंजे तिन्ही बरन्या..."

नाइलाजानं अण्णांची नजर मामांकडे वळली. मामा पुढे आले होते आणि विटेवरचे दोन तुकडे वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटल्याचा आनंदही नव्हता. फक्त एक भलतंच थकलेपण होतं.

"कृष्णात," अण्णा म्हणाले.

"जी."

अण्णांनी खिशात हात घातला आणि शटरची किल्ली काढली. तिला अजून तो जुना करदोट्याचा दोरा होता, दातांनी ओढून चपटा झालेला. अण्णांनी किल्ली पुढे केली. "घे. सकाळी यायला माजं गुडघं दुखत्यात."

अण्णांकडून माफी म्हणून एवढंच निघू शकत होतं आणि ते त्यांनी मनापासून दिलं होतं. त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

मामांनी हात पुसले. मला वाटलं, किल्ली घ्यायलाच पुसतायत. पण हात पुसून त्यांनी ते मागे बांधले.

"असू द्या अण्णा तुमच्याजवळच," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "उद्या परत काय फुटलं तर?"

"आता कशाला फुटंल? कळलं न्हवं कशानं फुटतंय!"

"बरनी कळली," मामा म्हणाले. एवढं बोलून ते बर्नर बंद करायला गेले.

पुढच्या अवसेपासून नारळाचं पाणी तांब्यात धरलं जाऊ लागलं आणि तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर पडू लागलं. भट्टीला लांबूनच नमस्कार. त्यानंतरची बरणी मी नोकरी सोडून पुण्याला जाईपर्यंत टिकली. गिअर सगळे एकसारखे निघायचे. अण्णांनी मला दोनदा पगारवाढ दिली आणि मिठाईचं पुन्हा कधी विचारलं नाही.

मामांशी ते आता खूप बोलायचे. चहाला टेबलापाशी बोलवायचे, त्यांच्या मुलीच्या लग्नात जातीनं उभे राहिले, सगळ्यांसमोर म्हणायचे, "कृष्णात म्हंजे आपला उजवा हात." मामा हसायचे. काम तर आधीपेक्षाही नेटकं करायचे. त्यांनी कधी टोमणा मारला नाही, कधी तो विषय काढला नाही. किल्लीही घेतली नाही. अण्णांनी ती आपल्या मुलाच्या हाती पाठवून पाहिली, टेबलावर विसरल्यासारखी ठेवून पाहिली, दसऱ्याला सोन्याच्या पानांबरोबर हातात ठेवून पाहिली. मामा ती दोन बोटांत धरून परत अण्णांच्या खिशात टाकायचे, जणू त्यांचीच पडलेली वस्तू उचलून दिली.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी मी कामानिमित्त शिरोलीत होते. अजून नीट उजाडलंही नव्हतं. म्हटलं, जाता जाता कारखाना बघू.

शटर बंद होतं. बाहेर मामा डबा घेऊन उभे होते. डोक्यावरचे केस सगळे पिकलेले. थोड्या वेळानं रिक्षा आली. मफलर गुंडाळलेले अण्णा तिच्यातून एकेक पाय उचलून बाहेर उतरले. मामांनी पुढे होऊन त्यांना दंडाला धरून उतरवलं, काठी हातात दिली, शटरपर्यंत चालवत आणलं. अण्णांना वाकवत नव्हतं, तर मामांनी त्यांच्या कमरेला आधार दिला आणि अण्णांनी हळूहळू, चाचपडत, कुलपात किल्ली फिरवली.

मग मामांनी शटर वर ढकललं आणि अण्णांना आधी आत जाऊ दिलं.